थव्याला म्होरक्या लागतो का?

माशांचा थवा एकदम वळतो, तेव्हा हुकूम कोण देतं? १९८२ मध्ये जपानच्या इचिरो आओकींनी संगणकावर दाखवलं, की म्होरक्या लागतच नाही. फार जवळ आलं तर बाजूला व्हायचं, शेजाऱ्याच्या दिशेनं चालायचं, लांब पडलं तर जवळ जायचं, बस्स. पडद्यावर थवा अगदी खरा वाटतो. पण मॉडेल खऱ्यासारखं दिसलं म्हणून खरा मासाही तेच नियम पाळतो, असं होत नाही ना! २०११ मध्ये कात्झ, कझिन आणि सहकाऱ्यांनी व्हिडिओवरून गोल्डन शायनर माशांचे मार्गच मोजले. दिशा जुळवण्याचा वेगळा नियम सापडलाच नाही. मासे मुख्यतः वेग कमीजास्त करत होते, दिशा आपोआप जुळत होती. आणि तीन मासे असले, की जोडीजोडीच्या परिणामांवरून हिशेब लागत नव्हता.