साल आधी, रस नंतर

लिंबू म्हटले की आपल्याला रस आठवतो; या फळाच्या घराण्यात मात्र पहिला मान सालीचा. इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने इराणकडच्या एका फळाची नोंद केली : ते खात नाहीत, पण सुवास मोठा, आणि कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही. ते फळ म्हणजे महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती असते तेच. जाडजूड साल आणि आत जेमतेम रस. महाळुंग आणि आंबट संत्रे यांच्या संकरातून पुढे पिवळे, रसाळ लिंबू जन्मले आणि अरबांच्या बागांमधून भूमध्य सागराकाठी रुजले. बाराव्या शतकात सलादीनचा वैद्य इब्न जुमय याने तर या लिंबावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

तिथून आपण एकदम सतराव्या शतकातल्या सुरतेला येऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांमध्ये लिंबू घातलेले पंच नावाचे मद्यपेय रुळले होते. 1638 मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने त्याचा उल्लेख केला आहे. पंच इंग्लंडला पोचला आणि तिथल्या शौकिनांनी एक युक्ती रूढ केली. साखरेचा खडा लिंबावर घासायचा, म्हणजे सालीतल्या बारीक पिशव्या फुटून तेल साखरेत उतरते. या तेलाला आंबटपणा नाही, निव्वळ सुगंध आहे. पाण्यात ते विरघळत नाही, मद्यात मात्र सहज मिसळते. माझ्या मते सालीचे पुढचे सारे नशीब या एका गुणाने ठरले. 1862 मध्ये न्यूयॉर्कच्या जेरी थॉमसने बारमनांसाठी पुस्तक छापले, तेव्हा पंचाच्या प्रकरणात हीच युक्ती सांगितली आणि कॉकटेलमध्ये सालीचा तुकडा पिळायला लावला. न्यू ऑर्लिन्सच्या सांतिनीचे ‘क्रुस्टा’ हे कॉकटेलही त्या पुस्तकात आहे. त्यात अर्ध्या लिंबाची अखंड साल ग्लासाला आतून अस्तरासारखी लावतात. सजावटीचा सोस म्हणावा, तर प्रत्येक घोटाला नाकाशी तेल येते!

स्वयंपाकघर याबाबतीत शांत राहिले. 1891 मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझीने इटालियन पाककृतींचा ग्रंथ काढला. त्यात मिलानच्या ‘ओस्सोबुको’वर, म्हणजे वासराच्या नळीच्या मांसावर, उतरवण्याआधी बारीक चिरलेली साल आणि पार्सली घालायला सांगितले आहे. साल नीट किसणारी किसणी मिळायला मात्र आणखी शतक जावे लागले. मायक्रोप्लेन ही अमेरिकेत सुतारांसाठी बनलेली कानस. 1994 च्या सुमारास कॅनडातल्या लॉरेन ली यांनी केकसाठी संत्र्याची साल किसायला ती घेतली आणि हत्याराने पेशाच बदलला. आता तीच किसणी आपल्याकडेही आली आहे. पण कागदी लिंबाची साल इतकी पातळ, की हात जरा जड पडला तरी कडू पांढरा थर लागतो. आपल्या आज्यांनी साल सोलण्याच्या फंदात न पडता लिंबाच्या फोडी सालीसकट मिठात मुरवल्या, ते उगाच नव्हे.