निवडुंगाच्या माळावर वसलेले गाव

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला तिची धुरांडी दुरूनच दिसतात. येथे लोखंडाच्या खनिजापासून स्पंज आयर्न होते, भट्ट्यांत पोलाद वितळते आणि रोलिंग मिलमधून सळ्या व पट्ट्या बाहेर पडतात. या सळ्यांनी देशात किती घरे उभी केली असतील, याची गणती करणे अवघड आहे. परंतु त्या तयार करणारा मनुष्य स्वतः कोठे राहतो, असे विचारले, तर वसाहतीच्या नकाशात त्याचे उत्तर सापडत नाही. ते शेजारच्या बिरगावच्या गल्ल्यांत, काजळीने काळवंडलेल्या छपरांखाली शोधावे लागते.

हा प्रश्न मला सुचावा, याचे कारण थोडेसे खाजगी आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका औद्योगिक क्षेत्राच्या भूखंडवाटपाचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. (ते क्षेत्र उरला नव्हे.) रस्ता, वीज, पाणी, रेल्वेचे अंतर, कच्च्या मालाची उपलब्धता, सारे काही मी मोठ्या काळजीने मांडले. टिपण मंजूर झाले. वरिष्ठांनी प्रशंसाही केली. पुढे कित्येक वर्षांनी ते पुन्हा हाती आले, तेव्हा माझ्या लक्षात आले की, त्यात कामगारांच्या घरांसाठी एक ओळदेखील नव्हती. ती कोणी गाळली नव्हती. ती मला सुचलीच नव्हती. त्या दिवसापासून कारखान्यांच्या इतिहासापेक्षा कारखान्यांभोवतीच्या गावांचा इतिहास मला अधिक जवळचा वाटू लागला. आणि मराठी मनुष्याने त्यात घातलेली भर पाहू गेलो, तेव्हा प्रथम आठवली ती किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत, असे आढळून आले. कुंचला सुटला आणि यंत्रांची रेखाटने हाती आली. व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते तोच विषय शिकवीत. बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. तेथे वडील बंधू रामुअण्णांच्या साहाय्याने सायकलींचे दुकान अगोदरच सुरू झाले होते. त्याच्या जोडीस आता कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले.

नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली म्हणतात. या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहिले, तर त्याला अडाणी म्हणण्याची घाई आपण करू नये. जिद्दीने दोन वर्षे वाट पाहणारा कारखानदार आणि दोन वर्षे पारखून घेणारा शेतकरी, दोघेही मला सारखेच शहाणे वाटतात.

धंदा कोठे स्थिरावतो आहे तोच नवे संकट आले. शहराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. त्या सुमारास औंधच्या देवीच्या मंदिराचा सभामंडप बांधण्याचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते. कुंचला टाकून हातोडा उचललेल्या या गृहस्थाविषयी त्यांना जिव्हाळा वाटला, यात नवल नाही. आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडा, असे त्यांनी सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून मात्र अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळचा तो बत्तीस एकरांचा ओसाड माळ! निवडुंगाचे रान, दगडगोटे आणि सापांचा सुळसुळाट. पुणे-मिरज ही त्या काळची मीटरगेज रेल्वे जवळून जात होती, एवढाच काय तो गुण. १० मार्च १९१० रोजी तेथे कामास आरंभ झाला. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे निवडुंग तोडीत, साप मारीत त्या माळावर राहू लागली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कारखाना उभारून मग कामगारांनी आपापली सोय पाहावी, असे झाले नाही. माळावर दुसरे काही नव्हतेच. म्हणून यंत्रघर आणि राहते घर यांचा विचार एकाच वेळी करावा लागला. हे काम रामुअण्णांनी अंगावर घेतले. रस्ते कोठून न्यावे, घरे कशी मांडावी, पाणी कसे पुरवावे, केरकचरा कोठे टाकावा, हा त्यांचा विषय. शंभुराव जांभेकर इंजिनाची दुखणी बरी करीत, कुलकर्णी पडेल ते काम उचलीत, आणि शाळेत ज्यांचे फारसे जमले नाही, ते अनंतराव फळणीकर येथे उत्तम कारागीर झाले. गावच्या राखणदारीसाठी लक्ष्मणरावांनी कोणास नेमावे? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना. दोघेही शिक्षा भोगून आलेले. त्यांच्यावर विश्वास टाकला आणि तो विश्वास फुकट गेला नाही. पुढे १९३९ साली याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हा खुला तुरुंग निघाला, आणि त्याच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्या कथेचे एक बीज वाडीच्या वेशीवर रात्री गस्त घालणाऱ्या या दोघांत मला दिसते; अर्थात हे माझे मत.

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. १९१० नंतरच्या त्या काळात पाणी आणि वस्ती यांबाबत असा नियम करणे ही किती मोठी गोष्ट होती, हे त्या परिसरातील जुन्या गावांची रचना पाहिली म्हणजे कळते.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगर येईनासे झाले आणि देशी नांगरांना मागणी आली. १९२० च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नांगरांच्या जाहिरातीसाठी निघालेले हे पत्र पाहता पाहता महाराष्ट्राचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले; १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याच्या जोडीस आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच प्रसिद्ध झाले. ओतशाळेच्या शेजारी छापखाना, आणि तोही अशा माळावर! मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि बुवाबाजीविषयी जे वाद झडत, त्यांतील कित्येकांचे टपाल या लहानशा स्थानकावर उतरत असे.

वाडीचे हे चित्र रंगवताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गाव एका मालकाचे होते. घर नोकरीबरोबर मिळे, आणि नोकरीबरोबरच ते जाण्याचेही भय असे. मालक उदार होता, हे खरे. परंतु उदारता हा हक्क नव्हे. इंग्लंडात लीव्हर यांनी १८८८ साली वसविलेले पोर्ट सनलाइट आणि कॅडबरींचे बोर्नव्हिल यांच्याविषयीही हाच आक्षेप घेतला गेला. शिवाय भोवतालचा मुलूख शांत नव्हता. शेजारचे कुंडल हे १९४३ पासून पत्री सरकारचे मोठे केंद्र होते. आणि १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तिच्यात वाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षांचे काम आगीच्या तोंडी गेले. अस्पृश्यता न पाळणाऱ्या गावावर जातीच्या नावाने आग यावी, हे इतिहासाचे मोठे कटू पान आहे. कारखाना पुन्हा उभा राहिला. किर्लोस्करांचा मोठा विस्तार मात्र हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे झाला. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. लोहमार्गावरच पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे. ‘प्रभाकर’ कंदील तेथून घरोघर गेला, पण तो काचकारखाना काही टिकला नाही. तेव्हा गाव वसविले म्हणजे धंदा अमर होतो, असेही नाही.

आता पुन्हा छत्तीसगढाकडे येतो. गेल्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरला आले असता त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची माहिती मिळाली, आणि डल्ली-राजहराच्या डोंगरांची पाहणीही झाली. परंतु पुढे प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजकडे लक्ष वेधले आणि कारखाना साकचीस गेला. जमशेदजींनी १९०२ सालच्या पत्रात रुंद रस्ते, सावलीची झाडे, बागा आणि सर्व धर्मांची मंदिरे यांविषयी जे लिहून ठेवले होते, ते शहर अशा रीतीने आमच्या हातून निसटले. राजहराचे खनिज अर्धशतक वाट पाहत राहिले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि तिच्याबरोबर शाळा, इस्पितळे व झाडांच्या रांगा असलेली नगरीही आली. त्यानंतर तीनएक दशकांच्या आतच, तेथून फार दूर नसलेल्या उरल्यात भूखंड आखले गेले. येथे एक मालक नव्हता. शेकडो लहानमोठे कारखानदार होते. त्यामुळे कोणा एकाची मेहेरबानी नव्हती, हे चांगले; पण रामुअण्णांचे काम कोणाचे, हे मात्र ठरलेच नाही. भूखंड देणाऱ्याने ते कारखानदाराचे मानले, कारखानदाराने ठेकेदाराचे, आणि ठेकेदाराने ते कामगारावरच सोपविले.

बिरगाव आता स्वतंत्र महानगरपालिका आहे. मध्यंतरी सायंकाळी पाळी सुटण्याच्या वेळी मी त्या रस्त्याने गेलो. सायकलींची रांग धुळीतून गावाकडे वळत होती. एका वळणावर नव्या गटाराचे खोदकाम चालले होते, आणि घरे आधी बांधून झालेली असल्यामुळे मुकादम हातात फीत घेऊन दोन भिंतींच्या मधली जागा पुन्हा पुन्हा मोजत होता.