इंटरव्हल म्हणजे मध्यंतरच, भाऊ!

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही टाकतोय.

मागच्या रविवारी पहाटे सक्करदऱ्याहून उमरेड रोडला सायकल काढली. प्लॅन सोपा होता: चार मिनिटं जोरात, चार मिनिटं हळू, असं पाच वेळा. पण 'हळू'च्या वेळी मोबाईलवरचा ॲव्हरेज स्पीड पडताना बघवेना, म्हणून तेव्हाही दामटत राहिलो. तिसऱ्या फेरीतच पाय संपले. चौथी झालीच नाही. चूक शोधता शोधता थेट १९३० च्या दशकातल्या जर्मनीत पोचलो.

तिथे वोल्डेमार गेर्शलर हे कोच आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर. त्यांची पद्धत अशी: धावून ठोके १८० पर्यंत न्यायचे, मग ते १२० वर येईपर्यंत पुढची फेरी नाही. दीड मिनिटात उतरले नाहीत, तर फेरी जास्त झाली असं समजायचं. हृदयाची खरी कमाई या मधल्या वेळात होते, असं त्यांचं मत. म्हणजे 'इंटरव्हल' हे नाव मुळात विश्रांतीचं! सिनेमातल्या मध्यंतरासारखंच. आपण मात्र ते जोराच्या भागाला चिकटवलं. गेर्शलरच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून केलेला विश्वविक्रम १६ वर्षं टिकला.

मग आला एमिल झाटोपेक. ४०० मीटर जोरात, मध्ये २०० मीटर हळू धाव, परत ४००. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं जिंकली. आपल्या खाशाबा जाधवांचं कांस्यही तिथलंच.

मग थांबायचं की हळू चालवायचं? ते फेरीच्या लांबीवर आहे. काही सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा रिकामा होतो. तो परत भरायला ऑक्सिजन लागतो. मध्ये पेडल मारत राहिलात, तर तोच ऑक्सिजन पाय खातात. तिथे जवळजवळ थांबलेलं बरं. चार-पाच मिनिटांच्या फेरीनंतर मात्र अगदी हलकं पेडल चांगलं: रक्त फिरत राहतं, लॅक्टेट लवकर उतरतं. पण हलकं म्हणजे गप्पा मारता येतील इतकं हलकं. मी करत होतो ते नाही!

हाच हिशेब मोठा करून पाहा. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ. २०१७ मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. अंदाजे ४,८०० किमी, मुदत १२ दिवस, आणि तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालूच. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक: ९,००० किमीच्या वर, पण १५ टप्प्यांत, दोन टप्प्यांच्या मध्ये विश्रांती. पहिल्या शर्यतीत प्रत्येक तासाची झोप स्वतःच्या वेळेतून विकत घ्यायची. दुसरीत मिळालेल्या तासांत पुढच्या टप्प्यासाठी शरीर उभं करायचं. दोन्हीकडे विश्रांती हा शर्यतीचाच भाग.

या रविवारी मी मोबाईल खिशात ठेवला. हळू म्हणजे खरंच हळू. एक काका साध्या सायकलवर, कॅरिअरला दुधाचे कॅन लावून, मला मागे टाकून गेले. जाऊ दिलं.

पाचही फेऱ्या झाल्या, मंडळी!