संघ कोणाचा?

अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांत बाल्टिमोर नांवाचें जुनें बंदर आहे. २८ मार्च १९८४ च्या रात्रीं तेथें थंड पाऊस पडत होता. त्या पावसांत सामानवाहू मोटारींची एक रांग शहराजवळच्या एका इमारतीपाशीं येऊन उभी राहिली, रात्रभर पेट्या भरण्यांत आल्या, आणि सकाळीं शहर जागें झालें तेव्हां त्याचा फुटबॉलचा 'कोल्ट्स' संघ शेंकडों मैल दूर इंडियानापोलिसच्या वाटेस लागला होता.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्यांत चेंडू पायापेक्षां हातांतच अधिक असतो. परंतु येथें प्रश्न खेळाचा नसून व्यवहाराचा आहे. तेथील व्यावसायिक संघ ही बहुधा एखाद्या धनिकाची खासगी मालमत्ता असते, आणि संघ किती असावेत हें मालकांचें मंडळच ठरवितें. संघ थोडे, नगरें पुष्कळ. 'नवें क्रीडांगण बांधून द्या, नाहीं तर आम्ही निघालों' असें म्हणण्याची सोय मालकास यांतूनच मिळते. रॉबर्ट इर्से यांनीं १९७२ सालीं कोल्ट्स घेतल्यापासून ही धमकी बाल्टिमोरनें अनेकदां ऐकली होती. इकडे इंडियानापोलिसनें संघ हातीं नसतांनाच सुमारें ७.७५ कोटी डॉलर खर्चून घुमटाकार क्रीडांगण बांधावयास घेतलें होतें. त्याच्या खर्चाचा कांहीं भार उपाहारगृहांतील खाण्यापिण्यावर एक टक्का कर बसवून उचलला होता.

इर्से यांचें पलायन शोभणारें नव्हतें. तथापि त्यांची बाजू अगदींच पोकळ होती असें मला वाटत नाहीं. रस्त्यासाठीं जमीन सक्तीनें संपादन करण्याचा जो अधिकार सरकारास असतो, तोच या संघावर चालविण्याचें विधेयक मेरिलंडच्या सेनेटनें २७ मार्च रोजीं संमत केलें. संघ धरून ठेवण्यास काढलेल्या या उपायानेंच त्याच्या पायांना पंख फुटले! राज्यपालांची सही झाली ती २९ तारखेस. पुढें डिसेंबर १९८५ मध्यें न्यायालयानें निकाल दिला कीं, संघ राज्याच्या हद्दीबाहेर गेला असल्यामुळें तो अधिकार त्यास लागू पडत नाहीं.

मागें राहिला तो संघाचा वाद्यवृंद. त्याचे गणवेश त्या रात्रीं धोब्याकडे होते म्हणूनच वांचले. ज्याच्यासाठीं वाजवावयाचें तो संघच नाहीं, अशा स्थितींत ही मंडळी इतरांच्या मिरवणुकींत आणि परक्या संघांच्या मैदानांवर बारा वर्षें वाजवीत राहिली. या सर्व प्रकरणांत मला एवढाच भाग निर्मळ वाटतो.

इतकें सोसलेल्या नगरीनें पुढें काय करावें? ६ नोव्हेंबर १९९५ रोजीं बाल्टिमोरमध्यें सभा भरवून क्लीव्हलंडच्या 'ब्राउन्स' संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनीं आपला संघ तेथें आणण्याचें जाहीर केलें. सोडतीच्या उत्पन्नाचा आधार घेऊन वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्चाचें क्रीडांगण राज्यानें त्यांस देऊं केलें होतें. दुसऱ्याच दिवशीं क्लीव्हलंडच्या मतदारांनीं, जुनें क्रीडांगण दुरुस्त व्हावें म्हणून मद्य व तंबाखू यांवरील कर चालू ठेवण्यास मोठ्या बहुमतानें संमति दिली. पण संघ तर आदल्या दिवशींच गेला होता. बाल्टिमोरनें नव्या संघास 'रेव्हन्स', म्हणजे डोमकावळे, हें नांव दिलें. एडगर ॲलन पो याच्या प्रसिद्ध कवितेवरून तें घेतलेलें असून कवीची समाधि त्याच नगरींत आहे. दुसऱ्याच्या घरट्यांतून आणलेल्या पाखराला कावळ्याचें नांव मिळावें, हा योगायोग कवीलाही आवडला असता.

क्लीव्हलंड मात्र भांडलें, कोर्टांत गेलें, आणि फेब्रुवारी १९९६ मध्यें तडजोड झाली: संघाचें नांव, रंग व पूर्वीचा सारा इतिहास क्लीव्हलंडकडे राहावा आणि १९९९ पर्यंत तेथें नवा संघ उभा करावा. तसा तो उभा राहिलाही. बाल्टिमोरला १९८४ सालीं असें कांहीं मिळालें नव्हतें. जॉनी युनायटस यानें १९५८ सालीं न्यूयॉर्कच्या संघावर ज्या सामन्यांत अजिंक्यपद मिळविलें, तो सामना आजही इंडियानापोलिसच्या खात्यावर मांडलेला आहे.