तंबाखू नाकारली, सोनं गेलं

1896चा उन्हाळा. कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या खोऱ्यात रॉबर्ट हेंडरसन नावाचा माणूस सोनं शोधत फिरत होता. बरीच भटकंती केल्यावर एका ओढ्यात त्याला थोडंबहुत सोनं लागलं होतं. या धंद्यातल्या लोकांची एक रीत होती. सोनं लागलं की लपवायचं नाही, भेटेल त्याला सांगायचं. हेंडरसननं ती पाळली. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी जॉर्ज कारमॅक सॅमन मासे पकडत होता, त्याला त्यानं आपल्या ओढ्यावर बोलावलं. कारमॅकची बायको टॅगिश जमातीची. तिचा भाऊ कीश आणि भाचाही तिथेच होते. हेंडरसननं कारमॅकला बजावलं, की तू खुशाल ये, पण ही इंडियन माणसं माझ्या ओढ्यावर नकोत.

तरीही काही दिवसांनी कारमॅक, कीश आणि भाचा असे तिघं डोंगर ओलांडून हेंडरसनच्या तळावर गेले. त्यांच्याजवळची तंबाखू संपली होती. कीश आणि त्याचा भाचा ती फुकट मागत नव्हते, विकत मागत होते. हेंडरसननं नाही म्हटलं.

तिघं परत फिरले. वाटेत, 16 ऑगस्टला, रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात त्यांना सोनं सापडलं. तेही असं, की पुढे साऱ्या जगानं क्लोंडाइकचं नाव ऐकलं. नोंदणीसाठी फोर्टीमाइलला जाताना कारमॅकनं भेटेल त्याला ही बातमी सांगितली. डोंगरापलीकडच्या हेंडरसनला मात्र कुणी निरोप धाडला नाही. त्याला कळलं तोवर ओढ्याकाठच्या चांगल्या जागा दुसऱ्यांच्या नावावर गेल्या होत्या. पुढे कॅनडा सरकारनं सहसंशोधक म्हणून त्याला पेन्शन दिली. समाधान मानायचं तर तेवढंच.

क्लोंडाइकच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि सांगणारा सहसा इथेच थांबतो. उद्धट माणसाची खोड मोडली, गोष्ट संपली. पण तंबाखू नाकारणारा हेंडरसन काही रीतभात न कळणारा माणूस नव्हता. युकॉनमधल्या सोनेवाल्यांचे आपसातले शिष्टाचार मोठे कडक होते. रानातल्या लाकडी खोपट्याला कुलूप लावायचं नाही. थंडीत अडकलेल्या कुणीही आत यावं, चूल पेटवावी, असेल ते खावं. जाताना मात्र पुढच्या माणसासाठी चुलीपाशी सुक्या काटक्या ठेवायच्या. उणे चाळीस अंशांत बोटं बधिर झालेल्या माणसाचा जीव त्या काटक्यांवर वाचायचा. भांडणं आणि चोऱ्यांचा निवाडा सगळे मिळून सभेत करत.

म्हणजे रीत होती. प्रश्न एवढाच, की ती कोणाशी पाळायची. त्या रिंगणात कीश बसत नव्हता, आणि हे फक्त हेंडरसनपुरतं नव्हतं. टॅगिश लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, की सोनं पहिल्यांदा कीशला दिसलं. शोध लावणाऱ्याला एक क्लेम जास्त मिळायचा. तो गेला कारमॅकला. इंडियन माणसाचा दावा कोण मान्य करणार, हे त्यामागचं कारण. ज्या मेव्हण्याचा अपमान झाला म्हणून हेंडरसनला निरोप गेला नाही, त्याच मेव्हण्याच्या शोधाचा मान कारमॅकनं स्वतःकडे ठेवला.

आणि या सगळ्यांच्या आधीपासून तिथे राहणारे लोक तर गोष्टीत अजून आलेलेच नाहीत. क्लोंडाइकच्या मुखाशी त्रोचेक ही हान लोकांची मासेमारीची जागा होती. ‘क्लोंडाइक’ हा शब्दही त्यांच्याच ‘ट्रॉन्डेक’चा अपभ्रंश. त्याचा संबंध खुंट ठोकायच्या दगडी हातोड्याशी आहे. नदीत खुंट ठोकून ते सॅमन अडवत. उन्हाळ्यात वाळवलेल्या त्या माशांवर हिवाळा निघायचा.

सोन्याच्या मागे आलेल्यांनीही खुंटच ठोकले. ओढ्याकाठी चार बाजूंना लाकडी खुंट, त्यावर नाव आणि तारीख, मग कचेरीत नोंद. झाला क्लेम. तिथे आधी कोण मासे धरतं, हे विचारायची कायद्यात सोयच नव्हती. 17 जुलै 1897ला ‘पोर्टलंड’ हे जहाज सोनं घेऊन सिअ‍ॅटलला लागलं आणि लोक वेडे झाले. अंदाजे 1,00,000 माणसं घरातून निघाली, त्यातली 30,000 ते 40,000 पोचली. नदीच्या मुखाशी डॉसन शहर उभं राहिलं. घरांसाठी, सरपणासाठी, आगबोटींसाठी जंगल तुटलं, शिकार दूर पळाली. त्रोचेकची जागाही सोनेवाल्यांनी व्यापली.

हान लोकांचा प्रमुख होता आयझॅक. तो आल्यागेल्याशी सौजन्यानं वागे. पाहुणे परत जायला आलेले नाहीत, हे त्यानं लवकर ओळखलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण त्याच्या कानावर जायचं कारण नव्हतं, पण अर्थ तो जगत होता. त्यानं आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला सुमारे पाच किलोमीटरवर मूसहाइडला नेलं. शिवाय आपली गाणी, नाच आणि नाचाची काठी अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. इथल्या गर्दीत ती टिकणार नाहीत, अशी त्याला भीती होती. डॉसनच्या समारंभांत तो भाषण करायचा आणि श्रोत्यांना आठवण करून द्यायचा, की तुमची भरभराट माझ्या लोकांच्या जिवावर झाली आहे. 1932मध्ये तो वारला. गाणी परत आली ती 1990च्या दशकात.

1998मध्ये त्याच्या लोकांनी, म्हणजे ट्रॉन्डेक ह्वेचिन समाजानं, जमीन आणि स्वशासनाचे करार केले. 2023मध्ये ‘ट्रॉन्डेक-क्लोंडाइक’ जागतिक वारसास्थळ झालं. नावात ट्रॉन्डेक पहिलं आहे. पण जास्त महत्त्वाची वाटते ती डिसेंबर 2012ची एक घटना. युकॉनमधल्याच रॉस रिव्हर भागातले डेना लोक कोर्टात गेले होते. आमच्या भूमीवर कुणीही येऊन क्लेम ठोकतो आणि सरकार न विचारता त्याची नोंद करतं, ही त्यांची तक्रार. युकॉनच्या अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. क्लेमची नोंद करताना सरकारनं त्या लोकांशी सल्लामसलत केलीच पाहिजे, असं सांगितलं.

दुसऱ्याच्या दारात गेल्यावर आधी हाक मारावी, एवढी साधी ही रीत. ती कायद्यात यायला कीशच्या तंबाखूपासून 116 वर्षं लागली.