भूजलावरील ओझोन प्रक्रिया आणि तिची उपउत्पादने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (सावली तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
पूर्व विदर्भातील पाण्याचा इतिहास प्रामुख्याने तलावांचा आहे. सावली तालुक्यातील आसोलामेंढा तलाव व परिसरातील माजी मालगुजारी (मामा) तलाव त्याची साक्ष देतात. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी व हातपंप यांचा प्रसार झाला आणि पिण्यासाठी खोल भूजलावरील अवलंबन वाढले. पुढे प्रक्रिया केलेले बाटलीबंद पाणी आले. त्यात निर्जंतुकीकरणासाठी ओझोन सर्रास वापरला जातो. या शुद्धीकरणाची दुसरी बाजू तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय विवेचन :
फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरला जाऊ लागला. १९७४ मध्ये रॉटरडॅम येथील रसायनशास्त्रज्ञ रूक यांनी क्लोरीनमुळे पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो, हे दाखविले. साहजिकच ओझोन अधिक निर्धोक वाटू लागला. परंतु पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांपासून ओझोन फॉर्माल्डिहाइडसारखी संयुगे निर्माण करतो. तर भूजलात ब्रोमाइड असल्यास त्याचे ब्रोमेट बनते. हाग व होइग्ने यांनी १९८३ मध्ये या अभिक्रियेचा वेग मांडला. त्याच दशकात जपानमधील प्रयोगांत पोटॅशियम ब्रोमेटमुळे उंदरांच्या मूत्रपिंडात अर्बुदे आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये ब्रोमेटची मर्यादा प्रतिलिटर २५ मायक्रोग्रॅम सुचविली, ती २००४ मध्ये १० वर आणली.

२००४ मध्येच ब्रिटनमध्ये 'दसानी' हे बाटलीबंद पाणी बाजारातून परत घ्यावे लागले. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होते. ओझोनने त्याचे ब्रोमेट झाले. दोष शुद्धीकरणाच्या अभावाचा नव्हता, तर तो प्रक्रियेच्या क्रमात दडला होता.

चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. ओझोन जंतू मारतो, मात्र फ्लोराइड काढत नाही. म्हणजे जुना दोष तसाच राहून नव्याची भर पडण्याची शक्यता उरते.

समारोप :
प्रत्येक उपायाने एक संकट दूर केले व दुसरे समोर आणले, असे हा इतिहास सांगतो. म्हणून ओझोन त्याज्य ठरत नाही. जंतुजन्य रोगांचा धोका अधिक तातडीचा आहे. मात्र प्रक्रियेपूर्वी ब्रोमाइड व फ्लोराइड आणि प्रक्रियेनंतर ब्रोमेट यांची तपासणी आवश्यक ठरते. ब्रोमेटला रंग, वास वा चव नसते. पाण्याच्या नितळपणावरून त्याचा अंदाज येत नाही. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील भूजलाच्या नोंदी ठेवल्यास या तपासणीला स्थानिक आधार मिळेल.