शिपायाचे व्याकरण

घरच्या घरी इंग्रजी शिकायला कोणते पुस्तक घ्यावे, असे कामगार मला नेहमी विचारतात. उत्तरादाखल मी विल्यम कॉबेटची हकीकत सांगतो.

इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा 1784 साली पलटणीत शिपाई झाला. पगार दिवसाला सहा पेन्स. पोटाला चिमटा घेऊन त्याने कागद-लेखणी आणली. लाउथचे व्याकरण हाताने उतरून काढले, तोंडपाठ केले आणि पहाऱ्यावर उभ्या उभ्या घोकले. पुढे 1818 साली त्याने स्वतःच इंग्रजीचे व्याकरण छापले, तेही मुख्यतः शिपाई, खलाशी, उमेदवार आणि नांगर धरणारी पोरे यांच्यासाठी. 1823 च्या आवृत्तीत सहा धडे वाढवले. कशासाठी? तर राज्यकर्त्यांनी अशुद्ध लिहू नये म्हणून!

याचे मोल मला एका करारपत्राने शिकवले. ‘शॅल’ म्हणजे मालकाने दिलेच पाहिजे. ‘मे’ म्हणजे त्याची मर्जी. आम्ही ‘मे’वर सह्या केल्या आणि त्या वर्षीचा बोनस गमावला.

तेव्हा पुस्तक घेताना दोनच गोष्टी पाहा. ते आपल्यासारख्यासाठी लिहिले आहे काय? आणि ते हातात लेखणी धरायला लावते काय? आपल्याकडची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला या कसोटीला उतरते. तिच्यात दोन्ही भाषांत वाक्ये लिहावीच लागतात. दहा पुस्तके चाळू नका. एकच घ्या आणि कॉबेटसारखे झिजवा. मग साहेबाच्या कागदाची भीती उरणार नाही.